जवंजाळ भाऊंचा नापास क्लेम

परवा माझ्या बायकोच्या, अर्चनाच्या, मोबाईलवर विमा कंपनीचा मेसेज आला. 'प्रिय ग्राहक, आपल्या पॉलिसीचे नूतनीकरण एका बटणावर करा.' तिनं बटण दाबलं आणि विमा झाला. कुणी घरी आलं नाही, कुणी अटी मोठ्यानं वाचून दाखवल्या नाहीत, कुणी तिला कान मोकळा करायला सांगितलं नाही. फोन बाजूला ठेवत ती म्हणाली, "काही मजा राहिली नाही." विम्याचा हप्ता भरण्यात मजा शोधणारी बाई सगळ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच असेल, आणि तिला ती खोड जवंजाळ भाऊंनी लावली.

जवंजाळ भाऊ आमचे शेजारी. आमच्या नि त्यांच्या घरात एक भिंत होती आणि त्या भिंतीतून त्यांचा खोकला, त्यांचा रेडिओ आणि त्यांचं "माहंच चुकलं" हे तिन्ही स्पष्ट ऐकू यायचं. मूळचे देऊळघाटचे. घरची थोडी शेती भावाकडे देऊन ते बुलढाण्यात आले आणि विम्याचे एजंट झाले. उंच, वाळलेले, राखी रंगाचा सफारी आणि डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट स्कूटरवर असतानाच नव्हे, भाजी आणायला पायी जातानासुद्धा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मास्तर, लोकाईले विमा विकणारा माणूस रस्त्यात डोकं फुटून मेला, त धंद्याची काय इज्जत राह्यते?" त्यामुळे बाजारात कुठूनही भाऊ ओळखू यायचे. कोथिंबिरीच्या ढिगावर एक काळं हेल्मेट वाकलेलं दिसलं की ते भाऊ. ते हेल्मेट फक्त जेवताना, झोपताना आणि एखादी फार गंभीर गोष्ट बोलायची असेल तेव्हाच उतरायचं.

म्हशी, शेळ्या, ट्रॅक्टर, किराणा दुकानं, मोटरसायकली, सगळ्यांचे विमे ते उतरवायचे. त्यांची पद्धत अशी, की गिऱ्हाइकाच्या घरी बसायचं, चहा घ्यायचा आणि पॉलिसीतली प्रत्येक अट पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायची. ऐकणारा पेंगला तर ते थांबायचे आणि तो जागा झाला की मागच्या अटीपासून पुन्हा सुरू करायचे. तोटे आधी सांगायचे. "याच्यात वीज पडली त भेटते, पण बैलानं मारलं त भेटत नाई. पाहा बाप्पा, तुमचा बैल कसा हाये." कितीतरी लोक तोटे ऐकून विमा न घेता उठायचे. भाऊ त्यांना फाटकापर्यंत सोडायला जायचे आणि वर म्हणायचे, "चांगलं केलं नाई घेतला त."

पण एकदा भाऊंच्या हातून विमा उतरवला, की त्याचा क्लेम मंजूर होणारच, अशी त्यांची ख्याती होती. ते 'मंजूर' म्हणत नसत, 'पास' म्हणत. "आपला क्लेम नापास होत नसते, मास्तर," हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे, की आमच्या शाळेतल्या मुलांच्या निकालापेक्षा मला त्यांच्या क्लेमच्या निकालाची जास्त माहिती असायची. क्लेम पास झाला की ते स्वतः त्या घरी पेढे घेऊन जायचे. घरातली म्हैस गेलेली, बाई रडते आहे आणि भाऊसुद्धा तिच्याबरोबर डोळे पुसत तिच्या हातावर पेढा ठेवताहेत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

ही ख्याती एकदाच धोक्यात आली होती, ती देऊळघाटच्या एका म्हातारीच्या शेळीपायी. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात कंपनी बिल्ला मारते आणि त्याचा फोटो काढून ठेवते. म्हातारीची शेळी मेली तेव्हा अकोल्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "फोटोत कानच दिसत नाही. ही शेळी तीच कशावरून?" दुसरा एजंट असता तर भांडला असता. भाऊंनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, बुढीचं काई चुकलं नाई. माहंच चुकलं. म्या शेळीचा फोटो समोरून काढला. तिचं तोंड पाहत राह्यलो, कान पाह्यलाच नाई." एजंट आपली चूक आपण होऊन सांगतो हे साहेबांनी नोकरीत प्रथमच पाहिलं असावं. ते उठले, जीपनं देऊळघाटला गेले, शेळीच्या कानातला बिल्ला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि क्लेम पास केला. तेव्हापासून भाऊ प्रत्येक जनावराचे तीन फोटो काढायला लागले. समोरून, डावीकडून आणि उजवीकडून. आणि चूक कबूल केली की काम होतं, ही त्यांची श्रद्धा आणखी पक्की झाली.

तशी ती मुळातच पक्की होती. रस्त्यात गाय येऊन त्यांच्या उभ्या स्कूटरला धडकली, तर भाऊ गायीच्या मालकाला शोधत गेले आणि म्हणाले, "म्या मधात गाडी लावली." बसस्टँडवरच्या हॉटेलात वेटरनं त्यांच्या सफारीवर चहा सांडला तर "मीच हात पसरून बसलो होतो" म्हणून त्यांनी वेटरची समजूत घातली. त्यांच्या बायकोला, आमच्या सगळ्यांच्या सुमनकाकूंना, याचा भयंकर वैताग. त्या म्हणायच्या, "आमच्या लग्नात भटजी मंतर चुकला, त हेच उठून म्हणे, माहंच चुकलं. तवाच मले समजाले पाह्यजे होतं."

अर्चना मूळची पुण्याची. तिथं एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. लग्नानंतर नोकरी सोडून बुलढाण्यात आली आणि घरी बसून परगावच्या, परदेशातल्या कंपन्यांची कामं कंत्राटानं घ्यायला लागली. सुरुवातीला भाऊंची भाषा तिला निम्मी कळायची आणि निम्मी ती माझ्याकडे बघून समजून घ्यायची. एकदा पुण्यातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं करारात अट घातली, की तुमच्याकडे व्यावसायिक जबाबदारीचा विमा असलाच पाहिजे. म्हणजे तुमच्या कामातल्या चुकीमुळे आमचं नुकसान झालं, तर ते भरून देणारा विमा. असला विमा बुलढाण्यात कोण उतरवणार? अर्चनानं भिंतीवर टकटक केली.

भाऊ आले, बसले. अर्चनानं समजावून सांगितलं.

"म्हणजे हा चूक होईन त्याचा विमा?" भाऊ म्हणाले.

"हो."

"कोणाची चूक?"

"माझी."

"अन् भरून कोण देईन?"

"विमा कंपनी."

भाऊंनी हेल्मेट काढलं. "सूनबाई, लय दिवसानं कंपनीनं माणसासारखं काम केलं हाये," ते म्हणाले. जगात चुकीचासुद्धा विमा असतो हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू कंपनीनं ही पॉलिसी त्यांच्या स्वभावाकडे पाहूनच काढली होती.

ऑफिसला फोन करून त्यांनी कागद मागवले आणि चार दिवसांनी ते रीतसर पाहणीला हजर झाले. "माल दाखवा," म्हणाले. अर्चनानं लॅपटॉप उघडून दाखवला. भाऊंनी तो चहूबाजूंनी पाहिला. "हे त मशीन झालं. याचा विमा येगळा असते. चूक कोठी होते?" अर्चनानं हसत आपल्या डोक्यावर बोट ठेवलं. भाऊंना ते पटलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"बसा सरळ, सूनबाई. समोरून झाला. आता डावीकडून. कान मोकळा करा."

"कान कशाला, भाऊ?"

"कान लागते," भाऊ शेळीच्या आठवणीनं गंभीर होत म्हणाले.

अर्चनानं केस मागे घेतले. ते तिन्ही फोटो भाऊंनी विम्याच्या कागदांना जोडून अकोल्याला पाठवले. तिकडच्या लोकांनी काय समजून घेतलं, देव जाणे. पण पॉलिसी आली.

मग वाचनाचा कार्यक्रम झाला. आम्ही दोघं सोफ्यावर, भाऊ समोर, चष्मा नाकाच्या टोकावर. एकेक अट वाचत भाऊ मजेत पुढे चालले होते आणि मग थांबले. तीच ओळ त्यांनी पुन्हा वाचली. 'विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने कोणाकडेही आपली चूक कबूल करू नये. केल्यास दावा नाकारण्यात येईल.'

"हे छापणारानं काहीतरी गडबड केली," भाऊ म्हणाले आणि तिथूनच त्यांनी अकोल्याला फोन लावला. गडबड नव्हती. भाऊंनी फोन ठेवला. चहा अर्धा राहिला होता तो त्यांनी पुढे घेतलाच नाही.

"सूनबाई, चुकीचाच विमा, अन् चूक झाली असं म्हणाचं नाई?"

अर्चनानं नीट सांगितलं. समोरचा नुकसानभरपाई मागतो, तेव्हा कंपनी आपल्या बाजूनं वकील देते, चूक खरंच आपली होती का, किती होती हे तपासते. आपण आधीच कबूल करून बसलो तर कंपनी भांडणार कशाच्या जोरावर? भाऊंनी लक्ष देऊन ऐकलं.

"समजलं," ते म्हणाले. "पण पटलं नाई." पण अट ती अट. कागदावर सही करताना त्यांनी अर्चनाला बजावलं, "माह्यासारखं करू नका. काई झालं त तोंडाले कुलूप."

ते कुलूप लावायची वेळ पुढच्याच उन्हाळ्यात आली. मेहकरच्या बापूरावांचं मोठं मंगल कार्यालय आहे. त्याच्या बुकिंगचा प्रोग्राम अर्चनानं करून दिला होता. परदेशात तारीख लिहिताना आधी महिना लिहितात आणि मग दिवस. तिकडच्या कामातला एक तुकडा तिनं इथं वापरला आणि त्यातला तो उलटा क्रम बदलायचा राहिला. मग सहा मेचं एक लग्न मशीननं पाच जूनला नेऊन ठेवलं. सहा मे रिकामी दिसली, म्हणून बापूरावांनी ती दुसऱ्या लग्नाला दिली. सहा मेच्या सकाळी मेहकरच्या त्या कार्यालयापुढे दोन वराती येऊन उभ्या राहिल्या.

बापूरावांच्या वकिलाची नोटीस आली, ती अर्चनानं वाचून माझ्या हातात दिली. भरपाईची मागणी आमच्या आवाक्याबाहेरची होती. ती द्यावी लागली असती तर राहतं घर गेलं असतं, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं. मी भिंतीवर टकटक केली. भाऊ आले, नोटीस वाचली आणि म्हणाले, "घाबरू नका. आपला क्लेम नापास होत नसते." त्या दिवशी ते वाक्य मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. भाऊ बापूराव व्हायचे. ते दारातून ओरडत आत यायचे, "काय वं बाई, चूक कोणाची?" आणि अर्चनानं म्हणायचं, "याबाबतीत मला काही बोलता येणार नाही, कंपनीला लेखी विचारा." पहिल्यांदा ती "सॉरी" म्हणाली. भाऊ कपाळावर हात मारून बाहेर गेले आणि पुन्हा ओरडत आत आले. शेजारच्या मुलांनी खिडकीत गर्दी केली. तिसऱ्या दिवसापर्यंत अर्चना इतकी तयार झाली, की सुमनकाकूंनी "वाटीभर साखर हाये काय?" विचारलं तरी तिच्या तोंडून "याबाबतीत मला" एवढं निघून गेलं. शिकवताना भाऊ कडक मास्तर झाले होते. आणि त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "दूध उतू गेलं ते माहंच चुकलं वं, मी मधात बोललो."

आता भाऊंचा एक नियम होता. मेलेलं जनावर पाहिल्याशिवाय ते क्लेमचा कागद भरत नसत. त्यामुळे मेहकरला जाऊन प्रत्यक्ष जागा पाहणं आलंच. बुकिंगची नोंद उतरवून आणायला अर्चना हवी होती आणि अर्चनाला धीर द्यायला मी. एसटीत भाऊ सगळ्या वाटेनं तिला धडे देत होते. "ते काई म्हणोत. शिव्या देवोत. आपण काय म्हणाचं?" अर्चना म्हणायची, "याबाबतीत मला काही बोलता येणार नाही." मागच्या बाकावरच्या माणसानं मला हळूच विचारलं, "बाईले काई बाधा झाली काय?"

बापूराव म्हणजे लठ्ठ, तापट माणूस. त्यांनी आम्हाला कार्यालयाच्या ओसरीत बसवलं आणि जे बोलायला लागले ते थांबेनात.

"दोन नवरदेव, दोन घोडे, दोन बँड, अन् कार्यालय एक! हा बँड जे गाणं धरे, तो बँड तेच गाणं त्याच्याहून जोरात वाजवे. एका लग्नाचे पावणे दुसऱ्या लग्नाची वरण-बट्टी खाऊन गेले, अन् जाता जाता मले सांगून गेले का वरणात मीठ कमी हाये! एका मामानं आहेराचं पाकीट भलत्याच नवरदेवाच्या हातात देल्लं. अन् त्या नवरदेवानं पाया पडून ठेवून घेतलं! सांगा बाई, कोणाची चूक?"

"याबाबतीत मला काही बोलता येणार नाही," अर्चना म्हणाली.

"अन् माहं नाव गेलं मेहकरात ते?"

"कंपनीला लेखी विचारा."

"चहा घेता काय?"

"याबाबतीत मला..." एवढ्यात मी तिला कोपर मारलं. भाऊ मात्र शिष्येकडे कौतुकानं बघत होते. चहा आला. बापूरावांचाही घसा कोरडा पडला होता. चहा पिता पिता त्यांचा आवाज खाली आला.

"ज्याचं बुकिंग पहिलं, त्याचंच लग्न बाहेर काढावं लागलं. दुसऱ्यायची गर्दी आत शिरून बसली होती. तुकारामजी म्हणून हायेत, इथून जवळच्या खेड्यातले. भाजीचा मळा हाये त्यायचा. मले एक शब्द नाई बोलला तो माणूस. उठला, शाळेच्या मैदानावर गेला अन् सोताच मांडवाचे दोर बांधाले लागला. पोरीचा बाप! अंगात लग्नाचा नवा सदरा, तो घामानं पाठीले चिकटलेला. मले त पाह्यलं नाई गेलं."

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंचा हात हेल्मेटकडे गेला होता. अर्चनानंही पाहिलं आणि तिनं त्यांच्या पायावर पाय दिला, पण हेल्मेट निघालं होतं.

"बापूराव," भाऊ उभे राहून म्हणाले, "चूक आमची हाये. तुमची नाई, कोणाची नाई. तारखेले महिना समजला अन् महिन्याले तारीख. आमी चुकलो."

बापूराव भांडायला बसले होते. वकील, कोर्ट, सगळी तयारी करून बसले होते. त्यांनी भाऊंकडे पाहिलं, मग अर्चनाकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "आणखी चहा घ्या."

चहा झाला आणि भाऊ म्हणाले, "तुकारामजीचं घर कोठी हाये? तेथी गेल्याबिगर हे पुरं होत नाई." बापूरावांनी स्वतःची गाडी काढली.

तुकारामजी अंगणात सोयाबीनचं बियाणं निवडत बसले होते. बारीक, काटक माणूस. आम्ही कोण ते बापूरावांनी सांगितलं. भाऊ हेल्मेट काखेत धरून त्यांच्यापुढे खाली बसले आणि त्यांनी तेच शब्द पुन्हा म्हटले. तुकारामजींचे हात सुपातच थांबले. मग ते हळूच बोलायला लागले.

"पोरगी सुखात हाये. मांडव बाहेर झाला त झाला, त्याचं काई नाई. पण सारं गणगोत मलेच म्हणून राह्यलं, का तूच तारीख चुकीची सांगतली असशीन. व्याही बी तसंच म्हणे. मले बी वाटाले लागलं, का आपलंच डोकं फिरलं काय? इतक्या दिवसात कोणी येऊन नाई म्हणलं, का बाबा, तुहं चुकलं नाई."

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, कबूल करायला हरकत नाही. आणि मग अर्चना, जिला तीन दिवस घोटून तयार केलं होतं ती अर्चना, खाली वाकून त्यांच्या पाया पडली. "काका, प्रोग्राम मी लिहिला होता. चूक माझीच आहे," ती म्हणाली.

तुकारामजी उठले. म्हणाले, "इथं नका सांगू. पारावर चाला." गावच्या पारावर दहा-बारा माणसं बसली होती. तिथं उभं राहून भाऊंनी, विम्याच्या अटी वाचायचे त्याच खणखणीत आवाजात, सगळ्यांना सांगितलं की तुकारामजींची तारीख बरोबर होती आणि चूक बुलढाण्याची होती. परत निघताना तुकारामजींनी आमच्या हातात वांग्यांची पिशवी दिली. एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन भाऊ खिडकीतून बाहेर बघत बसले. चिखली आल्यावर एकदम म्हणाले, "मास्तर, क्लेम गेला हो आपला!"

चार दिवसांनी बापूरावांनी नोटीस मागे घेतली. "जो माणूस घरी येऊन चूक म्हणते, त्याच्यावर केस करून मी मेहकरात कोणत्या तोंडानं फिरू?" असं ते फोनवर म्हणाले. अर्चनानं प्रोग्राम दुरुस्त करून दिला. घर वाचलं. माझ्या लेखी विषय संपला होता. नोटिशीसाठी आम्ही गाठलेल्या वकिलाची फी तेवढी विम्यातून मिळायची राहिली होती आणि त्यासाठी अकोल्याचे साहेब आमच्या घरी आले. शेळी पाहायला गेलेले तेच साहेब. आता ते निवृत्तीला टेकले होते आणि भाऊंवर त्यांचा जीव होता.

"सगळं छान मिटलं," साहेब म्हणाले. "कागद पूर्ण करून टाकू. एकच प्रश्न राहिला. तुमच्यापैकी कुणी चूक कबूल केली नव्हती ना? नाही. मी 'नाही' लिहितो." आणि त्यांनी पेन टेकवलं.

भाऊंनी फक्त गप्प बसायचं होतं. समोर साहेब मान खाली घालून लिहीत होते. मी छताकडे बघत होतो. एवढ्या वर्षांची ख्याती, एकही नापास नसलेला सगळा धंदा, फक्त एक घोट चहा पिण्यानं वाचणार होता. सुमनकाकू दारात उभ्या होत्या, त्या डोळ्यांनी खुणावत होत्या. भाऊंनी हेल्मेट काढलं.

"केली, साहेब."

साहेबांनी पेन उचललं. "भाऊ, मला काही ऐकू आलं नाही," ते एकेका शब्दावर जोर देत म्हणाले.

"माहंच चुकलं, हळू बोललो," भाऊ म्हणाले आणि मग मोठ्यानं, पारावर बोलले होते तसे बोलले, "केली. बापूरावजवळ केली, तुकारामजीजवळ केली, गावासमोर केली. अन् पयली म्या केली, सूनबाईनं नाई."

"मीसुद्धा केली," अर्चना म्हणाली.

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. मग त्यांनी जे लिहायला हवं होतं ते लिहिलं. जाताना त्यांनी फाटकाशी भाऊंचा हात हातात घेतला.

क्लेम नापास झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी भाऊ पेढे घेऊन आले. अर्चना म्हणाली, "भाऊ, पेढे कशाचे?" ते म्हणाले, "पास झाल्यावर त सारेच खातात. नापास झाल्यावर जास्त लागते." त्यांनी एक पेढा तिच्या हातावर ठेवला आणि तिथंच खुर्चीत बसले. "माहं नाव गेलं, सूनबाई," म्हणाले आणि रुमाल शोधायला लागले. अर्चना पेढा हातात धरूनच रडली. मला तेव्हा त्या माणसाचा फार अभिमान वाटला आणि मी आत जाऊन चहा ठेवला.

दिवाळीनंतर भाऊंनी एजन्सी सोडली. कंपनीनं काही म्हटलं नव्हतं. त्यांचंच म्हणणं असं, की जी अट आपल्याच्यानं पाळवत नाही ती दुसऱ्याला वाचून कशी दाखवायची? मग नागपूरच्या मुलीनं दोघांना कायमचं बोलावून घेतलं. आम्ही बुलढाण्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. भाऊ एसटीत हेल्मेट घालूनच चढले. त्यांच्या बॅगा मी माझ्या हातानं सीटखाली सारल्या आणि खाली उतरून खिडकीपाशी आलो. थंडीमुळे काच बंद होती.

तेवढ्यात वरच्या फळीवरून कुणाची तरी पिशवी घसरून पुढच्या माणसाच्या अंगावर पडली. तो तावातावानं उठला. कंडक्टर हातवारे करून पिशवी कुणाची म्हणून विचारत होता. कुणीच हलेना. मग काचेपलीकडे ते काळं हेल्मेट उतरलं आणि भाऊ हात जोडून उभे राहिले. सुमनकाकू त्यांची बाही धरून खाली ओढत होत्या. बस सुरू झाली, वळली, तरी भाऊ उभेच होते. अर्चनानं मला विचारलं, "पिशवी त्यांची होती?"

"नाही," मी म्हणालो. तेव्हा ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला.